खुनी कोण हे तुम्हाला माहीत असतं, तुमच्या नायकाला नाही : ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

लेखक-लेखिकांनो, नमस्कार.

मी तुमची जुनी वाचक. जुना काळ, एक खून आणि तो शोधणारा एखादा वैद्य, भिक्षू, वकील किंवा लढाईतून परतलेला शिलेदार, एवढं कव्हरच्या मागे दिसलं की मी पुस्तक उचलतेच. मूळ असो, अनुवाद असो, भारी असो की बेताचं असो, मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण त्यात बोटांचे ठसे नाहीत, डीएनए नाही, कॅमेरा नाही, माणसाला माणसाकडे नीट बघूनच खरं काय ते शोधावं लागतं. त्यामुळे हे पत्र लिहिताना राग कमी आणि काळजी जास्त आहे, आणि ते जरा लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एक कादंबरी रात्री दोनपर्यंत जागून संपवली. नाव घेत नाही कारण माझा मुद्दा एका पुस्तकापुरता नाहीये. शेवटी खुनी सापडतो, मोठ्या घराण्यातला, न्यायाधीश त्याच्या पंगतीला बसणारे, म्हणजे खटला उभाच राहणार नाही हे उघड आहे. मग आपला नायक, म्हातारा वैद्य, रात्री त्याच्याकडे जातो, पेल्यात काहीतरी मिसळतो आणि समोरच्या खुर्चीत बसून वाट बघतो. एक अख्खं प्रकरण फक्त ते वाट बघणं आहे आणि फार सुंदर लिहिलंय, खरंच सांगते. तो माणूस कोसळला तेव्हा खोलीत मी एकटीच होते आणि मी तोंडाने म्हणाले, "बरं झालं."

ते दोन शब्द मला नंतर झोपू देईनात. मी एका माणसाच्या मरणावर खूश झाले होते, ठीक आहे, गोष्टीतला माणूस, पण मला एवढी खात्री कुठून आली की त्याने खून केलाच होता? म्हणून दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन परत पहिल्या पानापासून बसले आणि त्याच्याविरुद्ध काय काय आहे त्यावर खुणा करत गेले. एक अर्धवट जळालेलं पत्र, ज्यावर सही नाही. एका मोतद्दाराची साक्ष, ज्याला त्याच माणसाने सहा महिन्यांपूर्वी कामावरून काढलेलं होतं. आणि वैद्याने त्याच्या चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज. संपलं. मग त्या माणसाची स्वतःची वाक्यं मोजली. साडेतीनशे पानांत अकरा वाक्यं, त्यातली निम्मी तर जेवणावळीत "या, बसा" म्हणण्यात गेलेली. शेवटच्या रात्री वैद्य चार पानं बोलतो आणि हा फक्त एवढंच म्हणतो, "तुम्हाला कसं कळलं?"

हे "तुम्हाला कसं कळलं" मी आता इतक्या पुस्तकांत बघितलंय की ते आलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण तो कबुलीजबाब त्या माणसाचा नाहीये, तुमचा आहे. वैद्याकडे पुरावा कमी पडत होता, ते तुम्हाला कळत होतं, म्हणून तुम्ही खुन्याच्या तोंडात चार शब्द घातलेत, वैद्याला मोकळं केलंत आणि मलाही मोकळं केलंत. आम्ही दोघं निवांत त्याला मरताना बघत बसलो.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. तुम्ही शेवट आधी ठरवता आणि मग मागे जाऊन पुरावे पेरता. त्यात काही गैर नाही, रहस्यकथा अशीच लिहितात. पण मग तुमच्या नायकाला जी खात्री वाटते ती त्याने कमावलेली नसते, ती तुमच्याकडून त्याला आयती मिळालेली असते. तो जोवर फक्त नाव सांगतोय, "खुनी हा", तोवर ते चालून जातं. ज्या क्षणी तो त्या खात्रीवर कुणाचा जीव घेतो त्या क्षणी तुम्ही वाचकाला असं काहीतरी शिकवताय जे त्या काळात, आजच्या काळात, कुठल्याच काळात खरं नव्हतं, की हुशार आणि चांगल्या मनाच्या माणसाला नुसतं बघून कळतं कुणाला मारायचं ते.

खरा इतिहास याबाबतीत काय सांगतो ते बघा. इंग्लंडमध्ये चिपिंग कॅम्पडन नावाचं गाव आहे. 16 ऑगस्ट 1660 ला तिथला विल्यम हॅरिसन नावाचा सत्तरीचा कारभारी खंड-भाड्याच्या वसुलीसाठी जवळच्या गावी चालत गेला आणि परतला नाही. बायकोने नोकराला शोधायला पाठवलं, जॉन पेरी त्याचं नाव, तोही रात्रभर आला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यात हॅरिसनची टोपी सापडली, कापलेली, कंगवा सापडला आणि गळ्याची पट्टी सापडली, रक्त लागलेली. प्रेत नाही. जॉन पेरीला धरलं, त्याने आधी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि मग म्हणाला की माझ्या आईने आणि भावाने मिळून मालकाला मारलं. आई आणि भाऊ दोघं शपथेवर नाही म्हणत राहिले.

आता यातली एक गोष्ट मला कधीच विसरता येत नाही. भावाला, रिचर्डला, चौकशीहून परत नेत असताना त्याने खिशातून फडकं काढलं आणि त्याबरोबर सुतळीसारख्या दोरीचा गुंडा खाली पडला. दोरीला एका टोकाला फास होता. तो म्हणाला ही माझ्या बायकोची केस बांधायची दोरी आहे. ती दोरी मागे येणाऱ्या जॉनला दाखवली आणि तो म्हणाला, हो, हीच, हिनेच गळा आवळला. विचार करा, तुमच्या कादंबरीत हा सीन आला तर? खिशातून दोरी पडते, भाऊ ओळखतो! मी तर त्याच पानावर म्हणाले असते की झालं, सापडला खुनी. तुमचा नायक त्याच रात्री तलवार घेऊन रिचर्डच्या दारात उभा राहिला असता आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

पहिल्या न्यायाधीशाने प्रेत सापडलेलं नाही म्हणून खुनाचा खटला चालवायला नकार दिला होता. हे मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या पुस्तकांत असा न्यायाधीश नेहमी एकतर विकला गेलेला असतो किंवा मठ्ठ असतो, "प्रेत कुठाय" म्हणणारा, नायकाच्या वाटेत आडवा येणारा. पुढच्या वर्षी, 1661 मध्ये, दुसऱ्या न्यायाधीशासमोर तो खटला चाललाच. जॉन तोपर्यंत म्हणायला लागला होता की मी तेव्हा वेडाच्या भरात बोललो, पण आता ऐकणार कोण? तिघांनाही फाशी झाली. आईला आधी चढवलं, कारण लोकांना वाटायचं ती चेटकीण आहे आणि तिने पोरांवर काहीतरी करणी केलीय, ती मेली की पोरं खरं बोलतील. ती मेली. पोरांनी कबुली दिली नाही. मग त्यांनाही चढवलं.

आणि 1662 मध्ये विल्यम हॅरिसन घरी परत आला. जिवंत. मला पळवून नेऊन तुर्कांच्या मुलखात गुलाम म्हणून विकलं होतं असं तो म्हणाला, त्यावर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा विषय, पण तो दारात उभा होता आणि तीन माणसं त्याच्या खुनासाठी फासावर गेलेली होती. जॉनने स्वतःच्या आईवर आणि भावावर तो आरोप का केला हे आजपर्यंत कुणालाही कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, अहो पण हे तर कोर्टाने केलं, कायदा हातात घेणाऱ्या कुणी नाही. बरोबर. तेच तर मी म्हणतेय! दोन न्यायाधीश, ज्युरी, शपथा, साक्षी, मध्ये कित्येक महिने, एवढं सगळं असून ही चूक झाली. मग एकटा माणूस, रात्रीचा, कुणाला न विचारता, उलटतपासणी नाही, अपील नाही, उद्याची सकाळसुद्धा मध्ये नाही, तो चुकणारच नाही असं तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, की त्या काळी कायदा होताच कुठे, पोलीस नव्हते, माणसाने करायचं काय. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याबद्दल जरा नीट बोलायचंय. पोलीस नव्हते हे खरं, लंडनला आपण ज्याला पोलीस म्हणतो तसं दल 1829 मध्ये आलं. पण पोलीस नव्हते म्हणजे न्यायच नव्हता असं नाही हो. इंग्लंडमध्ये संशयास्पद मरणाची चौकशी करणारा कोरोनर 1194 पासून आहे. आपल्याकडे गोतसभा, म्हणजे गावातल्या आणि भाऊबंदांतल्या लोकांची न्यायसभा बसायची, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायची, साक्षी घ्यायची आणि मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा, ज्याच्यावर हजर असलेल्यांच्या सह्या, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी, पाटलाची असेल तर नांगर. बहुतेक महजर वतनाच्या भांडणांचे असतात, मान्य, आणि जिथे निकाल लागत नसे तिथे उकळत्या तेलात हात घालायचं दिव्य करायला लावायचे हेही मान्य, म्हणजे मी त्या सिस्टीमची आरती ओवाळत नाहीये. पण त्या कागदावरचा तो छोटासा नांगर बघितला की एक गोष्ट कळते, निवाडा चार लोकांसमोर झाला पाहिजे आणि उद्या कुणी विचारलं तर कोण कोण हजर होतं ते सांगता आलं पाहिजे, एवढी अक्कल लोकांना तेव्हाही होती.

जपानचं तर अजून पुढचं. तिथे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, बापाच्या खुनाचा सूड घ्यायची चक्क मुभा होती, पण आधी सरकारदरबारी नोंद करावी लागायची, परवानगी लागायची. सूड फक्त वडीलधाऱ्यांसाठी घेता यायचा, म्हणजे मुलगा बापासाठी घेऊ शकत होता, बाप मुलासाठी नाही, आणि त्या सुडाचा पुन्हा सूड चालायचा नाही. 1873 मध्ये सरकारने हे सगळंच बंद केलं. म्हणजे ज्या समाजाने सुडाला मान दिला त्यानेसुद्धा त्याला कागद लावला, हद्द घातली. तुमचा नायक कुणाला विचारतो?

आणि जिथे न्याय खरोखर खाजगी लोकांच्या हातात गेला तिथे काय झालं तेही इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. इंग्लंडमध्ये 1692 पासून वाटमारी करणाऱ्याला पकडून देऊन गुन्हा शाबित झाला की 40 पौंड बक्षीस होतं, त्या काळी मोठी रक्कम. त्यावर चोर पकडणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. त्यातला सगळ्यात नावाजलेला जोनाथन वाइल्ड, लोक त्याला हिरो समजायचे, तो एका हाताने चोऱ्या करवत होता आणि दुसऱ्या हाताने चोर पकडून देत होता, शेवटी 1725 मध्ये तोच फासावर गेला. तरी धंदा थांबला नाही. 1754 मध्ये मॅकडॅनियलची टोळी उघडी पडली, हे लोक पोरांना फूस लावून गुन्ह्यात अडकवायचे आणि मग स्वतःच पकडून देऊन बक्षीस घ्यायचे, पोरं फासावर. ही माणसंही बाहेर सांगायला आम्ही न्यायाचं काम करतो असंच सांगत होती. अशा काळावर कादंबरी लिहिताना तुम्हाला खाजगी न्याय करणारा एक स्वच्छ, निर्मळ, रात्री शांत झोपणारा नायक सुचतो, तर मला वाटतं तुम्ही कपडे, गाड्या, मेणबत्त्या यांचा अभ्यास केलात आणि मूळ गोष्टीचा राहून गेला.

आता एक वेगळी बाजू, कारण कायदा हातात घेणं म्हणजे दर वेळी मारणंच असतं असं नाही. तुमचे खूप नायक गुन्हेगाराला सोडूनही देतात. खरं कळलेलं असतं पण ते गप्प राहतात, कारण ज्याने मारलं तो पिचलेला होता आणि जो मेला तो नीच होता. याबद्दल मी बरीच सौम्य आहे आणि त्याला कारण आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शतक संपेपर्यंत दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती. घरात शिरून 40 शिलिंगची चोरी केली तरी फाशी. मग ज्युरीतले लोक काय करायचे, तर चोरलेल्या मालाची किंमत 39 शिलिंग लावायचे. समोर दिसतंय की माल जास्तीचा आहे, तरी 39! शपथ घेऊन बसलेली बारा माणसं एका शिलिंगसाठी खोटं बोलायची आणि एक जीव वाचायचा. मला हा 39 चा आकडा फार जवळचा वाटतो. म्हणून तुमचा नायक एखाद्या मोलकरणीला निसटून जाऊ देतो तेव्हा मी त्याच्या बाजूने असते. एक म्हणजे सोडून दिलेला माणूस जिवंत असतो, नायकाचं चुकलं असेल तर उद्या निस्तरता येतं, मेलेल्याच्या बाबतीत तसं काही उरत नाही. आणि दुसरं, ते 39 बारा जणांनी मिळून लावलेले असायचे, एकट्याने नाही. तुमच्या नायकाने निदान एका माणसाला विचारावं असं मला वाटतं, मेलेल्याच्या बायकोला, बहिणीला, कुणालातरी. मेलेला कितीही नीच असला तरी त्याच्या मरणाचं काय झालं हे कळायचा हक्क कुणाचा तरी असतोच ना.

पण आता अवघड जागी येते, ती टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. खुनी कायद्याच्या वरच बसलेला असेल तर?

आपल्याला हे कुणी शिकवायला नको. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांनी तोडला. "ध चा मा" आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, ती आनंदीबाईंची गोष्ट खरी की रचलेली यावर अजून वाद आहे, आणि बघा ना, एका बाईवरचा शाबित न झालेला आरोप आपल्या भाषेत म्हण होऊन बसलाय, त्याचंही मला वाईट वाटतं. पण रघुनाथरावांचा त्यात हात होता असा निष्कर्ष रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून काढला आणि जो माणूस आता पेशवा होऊन बसलेला त्याला सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त आहे, आणि पद सोडून निघून गेले. शिक्षा झाली नाही. रघुनाथराव पुढे दहा वर्षं जगले आणि 1783 मध्ये कोपरगावला वारले.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला भयंकर राग आला होता की असे कसे निघून गेले, काहीतरी करायचं होतं ना! आज कुणी यावर रहस्यकथा लिहिली तर शंभरातले नव्वद जण काय करतील मला माहितीये, वाड्यातल्या एखाद्या इमानी सेवकाच्या हातात कट्यार देतील. आणि मी पण वाचेन. पण मला आता वाटतं की रामशास्त्र्यांनी जे केलं ते कट्यारीपेक्षा अवघड होतं. त्यांनी निकाल तोंडावर सांगितला, दिवसाढवळ्या, स्वतःच्या नावाने, आणि त्याची किंमत स्वतः दिली. अडीचशे वर्षं झाली, त्यांचा निकाल अजून लोकांच्या तोंडात आहे. अंधारात कट्यार चालली असती तर वाड्यातल्या खुनांच्या यादीत अजून एक खून जमा झाला असता, बाकी काय.

तरी मला कळतं, हे सगळीकडे पुरत नाही. 1855 मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यात सीलिया नावाची एक गुलाम मुलगी होती, विशीच्या आतबाहेरची. रॉबर्ट न्यूसम नावाच्या शेतकऱ्याने तिला विकत घेतली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर बलात्कार केले. एका रात्री तो तिच्या खोपटात आला तेव्हा तिने त्याला काठीने मारलं, तो मेला, तिने त्याला चुलीत जाळला. मिसूरीच्या कायद्यात "कुठल्याही स्त्रीला" अशा जबरदस्तीविरुद्ध स्वतःचं रक्षण करायचा हक्क होता. तिच्या वकिलाने तेच मांडलं. कोर्टाने ते ज्युरीपुढे जाऊच दिलं नाही, म्हणजे गुलाम बाई त्या "कुठल्याही स्त्री"त धरलीच नाही, आणि डिसेंबरमध्ये तिला फाशी दिली. या मुलीला मी कायदा हातात घेऊ नकोस म्हणू? कुठला कायदा? तिच्यासाठी तो नव्हताच, तिच्या अंगावर चालून येणाऱ्यासाठी होता.

म्हणून मी असं अजिबात म्हणत नाहीये की अशा कथा लिहू नका. मी एवढंच बघायला सांगतेय की तुमच्या पुस्तकात हत्यार कुणाच्या हातात आहे. सीलियाच्या हातात असतं कधी? फार क्वचित. बहुतेक वेळा ते सरदाराच्या, डॉक्टरच्या, राजाच्या मित्राच्या, मठातल्या वजनदार माणसाच्या हातात असतं, म्हणजे ज्याच्यासाठी सगळे दरवाजे उघडे होते त्याच्या. तो दरबारात बोलू शकत होता, लिहू शकत होता, चार लोक गोळा करू शकत होता. त्याने यातलं काहीच केलेलं नसतं, दोन प्रकरणांत एका अधिकाऱ्याने हाकललं की लगेच "आता माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही". सीलियाची लाचारी तुम्ही उसनी घेऊन सरदाराला देताय हे तुमच्या लक्षात येतं का? मला ते खुपतं, फार खुपतं.

आणि किंमत. जपानच्या सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, गोष्ट जगभर सांगतात, ती सांगताना तलवारबाजी सगळ्यांना आठवते. ज्याच्यामुळे त्यांच्या धन्याला मरावं लागलं त्या किरा नावाच्या अधिकाऱ्याच्या वाड्यात 1703 च्या जानेवारीत बर्फात ते घुसले, त्याला मारलं, मुंडकं धन्याच्या समाधीपुढे ठेवलं, इथपर्यंत ठीक. त्यानंतर त्यातल्या शेहेचाळीस जणांनी स्वतःला सरकारच्या हवाली केलं. पळाले नाहीत. विद्वानांमध्ये वाद झाले की ही निष्ठा म्हणायची की गुन्हा, आणि शेवटी सरकारने त्यांना गुन्हेगारासारखं न मारता पोट फाडून घेऊन मानाने मरायला सांगितलं, आणि ते मेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते अजूनपर्यंत, पण शिक्षा माफ झाली नाही. मला त्यांनी केलं ते बरोबर वाटतं असं नाही, किराच्या वाड्यातले पहारेकरी त्या रात्री मेले त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं, ते तर नोकरीवर होते. पण निदान त्यांनी "आम्ही केलं, आम्हाला काय ती शिक्षा द्या" असं म्हटलं. तुमचा वैद्य सकाळी उठून घरी गेला, हात धुतले, आणि पुढच्या भागात नवीन खून शोधायला हजर. त्या पेल्याचा उल्लेखही नाही. सिरीजचे पुढचे दोन भाग मी मुद्दाम चाळले, एक ओळ नाही.

तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की वाचकाला शेवट गोड लागतो, अर्धवट लागलेला चालत नाही, खुन्याला शिक्षा झालीच पाहिजे नाहीतर पुस्तक खपत नाही. वाचकाच्या वतीने सांगते, आम्ही एवढे लेचेपेचे नाही आहोत. आम्हाला शंका पेलते. आम्हाला असा नायकही आवडेल ज्याला सगळं कळलंय आणि तरी हात उचलवत नाही, किंवा ज्याने हात उचलला आणि आता जेवण जात नाही.

आणि नायक कसा हवा असं विचारलंत तर एक खरा माणूस सांगते. 1753 मध्ये लंडनला एलिझाबेथ कॅनिंग नावाची अठरा वर्षांची मुलगी जवळजवळ महिनाभर गायब झाली आणि परत आल्यावर म्हणाली मला एका घरात कोंडून ठेवलं होतं. मेरी स्क्वायर्स नावाच्या भटक्या जमातीतल्या एका म्हातारीवर आळ आला. मुलगी गरीब, हाडाची काडं झालेली, अख्खं शहर तिच्या बाजूने पेटलं. म्हातारीच्या बाजूने बोलायला आलेल्या काही साक्षीदारांना कोर्टाबाहेरच्या जमावाने आत शिरू दिलं नाही. तिला फाशीची शिक्षा झाली. लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे नगरप्रमुख, सर क्रिस्प गॅस्कॉइन त्या खटल्याला स्वतः बसलेला होता, आणि त्याला चैन पडेना. त्याने निकाल लागल्यानंतर परत शोध सुरू केला, म्हातारी त्या दिवसांत लांब डॉर्सेटकडे होती हे सांगणारी माणसं शोधून काढली, आणि तिला माफी मिळाली. पुढच्या वर्षी कॅनिंगवर खोट्या साक्षीचा खटला होऊन तिला काळ्या पाण्यासारखं समुद्रापार धाडलं. ती त्या महिन्यात खरी कुठे होती हे अजून कुणाला माहीत नाही. गॅस्कॉइनला लोकांनी खूप छळलं, शिव्या घातल्या, कारण त्याने त्यांच्या हातातोंडाशी आलेला न्याय काढून घेतला होता.

हा माणूस कादंबरीचा नायक का नसतो? सगळे जिथे थांबतात तिथून याने शोध सुरू केला, आणि एक जीव वाचवण्यासाठी केला.

तर माझी मागणी एका सीनची आहे, बाकी तुम्ही जाणता. पुढच्या वेळी तुमच्या नायकाने कुणाला मारलं तर मारू दे. पण मरायच्या आधी त्या माणसाला बोलू द्या, मध्ये न तोडता, दोन पानं तरी, आणि "तुम्हाला कसं कळलं" हे वाक्य त्याच्याकडून काढून घ्या. त्याला "मी केलं नाही" म्हणू द्या आणि ते इतकं खरं वाटेल असं लिहा की माझा श्वास अडकला पाहिजे. मग मारायचं तर मारा. आणि तुमच्यात कुणाची हिंमत असेल तर त्याच्याही पुढे जा, दोन वर्षांनंतरचं प्रकरण लिहा. नायक घरी आहे, म्हातारा झालाय, गावात त्याला मान आहे. संध्याकाळी कुणीतरी दार वाजवतं. तो उठतो, दिवा घेतो, कडी काढतो आणि बाहेर एक सत्तरीचा माणूस उभा आहे, दमलेला, लांबून आलेला, विचारतोय की माझी टोपी आणि कंगवा रस्त्यात पडला होता, कुणाला सापडला का.

ते पुस्तक मी रात्री दोनला संपवून परत पहिल्या पानापासून वाचायला घेईन.

तुमची,
एक वाचक